उजनीच्या खोल पाण्यात जिवंत आमिष कसं उतरवायचं

"पावणं, खालचं मासं मेलंय तुमचं," होडीवाले काका म्हणाले. मला पटलं नाही. दोरी ताठ होती, वजन तळाला टेकलेलं हाताला कळत होतं, आणि गळाला आमिष म्हणून चार बोटांची ताजी चिलापी (तिलापिया) लावून अर्धा ताससुद्धा झाला नव्हता. वर ओढली तर पांढरी पडलेली, तोंड वासलेलं, गळ थेट टाळूतून आरपार. काकांनी माझ्या दोरीला हातही लावला नव्हता. ते रॉडच्या टोकाकडे बघत होते. खाली मासा जिवंत असला की टोक बारीक थरथरतं, मध्येच वाकतं, मध्येच सैल पडतं. माझं टोक कितीतरी वेळ नुसतं लाटेबरोबर हलत होतं आणि मी ते बघत बसलो होतो.

त्या दिवसानंतर मी खोल पाण्यातली मासेमारी पुन्हा पहिल्यापासून शिकलो. मी सोलापूरचा, घरी यंत्रमाग. मधली सहा वर्षं मस्कतला बोटींच्या इंजिनांवर मेकॅनिक होतो. तिथे गिऱ्हाइकांना मार्लिन आणि सेलफिश, म्हणजे खोल समुद्रातले लांब चोचीचे मोठे मासे, धरायला नेणाऱ्या बोटींवर इंजिन बघायला मी जायचो, आणि इंजिन नीट चाललं की मागच्या बाजूला उभा राहून आमिष लावणाऱ्यांचे हात बघायचो. समुद्रातली ती कला उजनीत उतरवता येते. दोन्हीकडे खरी गोष्ट एकच: खाली गेलेला छोटा मासा दमदार पोहत राहिला पाहिजे. बाकी सगळी तयारी त्याच्यासाठी.

आधी पाण्याचा तळ समजून घ्या. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि नदीकाठची गावं, मळे, रस्ते, विहिरी पाण्याखाली गेल्या. हे सगळं अजून खाली आहे आणि शिकारी मासा त्याच्याच आडोशाला राहतो. म्हणून माझं सांगणं आहे की गळ टाकायच्या आधी एक उन्हाळा नुसता बघण्यात घालवा. धरण 'उणे'त गेलं, म्हणजे वापरायचं पाणी संपून तळाचा साठाच उरला, की पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. लोक फोटो काढायला जातात. तुम्ही त्याच दिवसांत करमाळ्याच्या किंवा इंदापूरच्या बाजूला काठावरून चाला आणि वही जवळ ठेवा. २०२४च्या उन्हाळ्यात पाणी उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. मी चार रविवार फिरलो. एका ठिकाणी जुन्या रस्त्याचा भराव सरळ पाण्यात उतरत गेलेला दिसला, त्याच्या बाजूला विहिरीचा दगडी कठडा, आणि पुढे नदीच्या मूळ पात्राची दरड, जिथे जमीन एकदम तुटते. आज तिथे वरून बघाल तर सपाट पाणी. पण मला ती दरड सापडते, कारण मी काठावरच्या दोन खुणा जुळवून ठेवल्या आहेत: एका बाजूला पाण्याची टाकी आणि तिच्या बरोबर पुढे लिंबाचं झाड, दुसऱ्या बाजूला विजेचा मनोरा आणि टेकडीचा कडा. दोन्ही जोड्या एका रेषेत आल्या की होडी दरडीवर आहे. मोबाईलचा नकाशा चालतो, पण बॅटरी संपते. झाड संपत नाही. एक काळजी मात्र घ्या. ओसरलेल्या पाण्याच्या अगदी कडेला गाळात पाय घालू नका, वरून वाळल्यासारखा दिसणारा गाळ मांडीपर्यंत गिळतो.

खोली मोजायला आपल्याकडचं विहिरीचं माप सोपं पडतं. परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची. सुती दोरीला तळाशी दगड बांधा, परसापरसावर गाठ मारा आणि दरडीच्या वर, मध्यावर आणि खाली तीन ठिकाणी सोडून बघा. गाठी मोजून वहीत लिहा, आणि त्या दिवशी धरण किती टक्के आहे तेही लिहा, नाहीतर दोन महिन्यांनी तो आकडा काही कामाचा राहत नाही.

इथे नवी माणसं एक चूक हमखास करतात. सगळ्यात खोल तिथे सगळ्यात मोठा मासा, असं धरून चालतात. उन्हाळ्यात तसं नसतं. वरचं पाणी तापून हलकं होतं, खालचं गार आणि जड राहतं, आणि दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. तळाशी कुजणाऱ्या गाळात प्राणवायू संपत जातो, आणि उजनीत तर पुण्याकडून येणाऱ्या सांडपाण्याने कुजायला भरपूर माल येतो. अशा थरात शिकारी मासा थांबत नाही आणि आमिषही जगत नाही. ओळखायची खूण साधी आहे. आमिषाच्या अंगावर एकही ओरखडा नाही, गळ नीट लागलेला आहे, तरी पंधरा मिनिटांत ते मलूल होऊन वर आलं आणि दुसऱ्यांदाही तसंच झालं, तर ते पाणी मेलेलं आहे. अर्धा परस वर घ्या, पुन्हा बघा. मेच्या मध्यावर मी तळाच्या बराच वर, दरडीच्या खांद्यावर आमिष ठेवतो. दिवाळीनंतर, पाणी गार होऊन खालवर मिसळलं की तळाजवळ जातो.

समुद्रातही हाच हिशेब आहे, फक्त मोठा. वरचं उबदार पाणी आणि खालचं गार पाणी जिथे भेटतं, त्या सीमेजवळ छोट्या माशांचे थवे थांबतात. बोटीवरच्या यंत्राच्या पडद्यावर तो थवा ढगासारखा दिसतो. मग कप्तान चार-पाच किलोचा शिशाचा गोळा तारेवर खाली सोडतो, गळाची दोरी त्या तारेला चिमट्याने अडकवतो आणि जिवंत कुपा किंवा गेदर (ट्यूनाच्या जातीचे मासे) त्या ढगाच्या कडेला, वीस-तीस मीटरवर, अगदी सावकाश ओढत राहतो. मार्लिनने झडप घातली की चिमटा सुटतो आणि माशाशी झुंज फक्त दोरीवर होते, वजन आड येत नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, आपल्या दगडाला तेच लागू होणार आहे.

आता आमिष. उजनीत चिलापी म्हणाल तेवढी मिळते. मूळची आफ्रिकेतली, १९५२ साली भारतात आणली गेली आणि आज आपल्या धरणांत घरची झाली आहे. मी फेकजाळं टाकून चार बोटं लांबीच्या धरतो. तळहाताएवढी चिलापी शिंगाळ्याला (लांब मिशांचा शिकारी मासा) मोठी होते, शिवड्याला चालते. शिवडा म्हणजे तोच, ज्याला काहीजण पडीन म्हणतात, रुंद तोंडाचा, बारीक दातांच्या पट्ट्यांचा, रात्री फिरणारा. आमळी ही बारीक मासळी लावली तर शिकारी मासा लवकर येतो, पण आमळीचा जीव नाजूक, खवले हाताला लागले की ती गेली. म्हणून खोल पाण्याला मी चिलापीच पसंत करतो. जिथे धरली तिथेच वापरा. दुसऱ्या तलावातली पिल्लं डब्यात घालून इथे आणू नका, आणि इथली सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावात नेऊन सोडू नका. कोणीतरी अशीच सोडलेली काचेच्या टाकीतली हेलिकॉप्टर मासळी आज उजनीतल्या कोळ्यांची जाळी फाडते आहे. त्यांचं नुकसान मी डोळ्यांनी पाहिलं आहे. चिंध्या झालेलं जाळं मांडीवर घेऊन दिवसभर सुई चालवणारा माणूस बघितला की हा विषय हलका वाटत नाही.

आमिष जगवणं हे निम्मं काम. पन्नास लिटरच्या ड्रममध्ये धरणाचंच पाणी घ्या. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने मासे मरतात. बॅटरीवरचा हवेचा पंप चालू ठेवा, ड्रमभोवती ओलं पोतं गुंडाळा. सोलापूरच्या उन्हात उघडं पाणी तासाभरात कोमट होतं, आणि कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो. पाण्याची बाटली गोठवून, झाकण घट्ट लावून ड्रममध्ये सोडली तरी चालते, पण एकच. पाणी एकदम गार केलं तर मासा ड्रममध्येही दचकतो आणि धरणात सोडतानाही. पन्नास लिटरात बारा-पंधरा चिलाप्यांपेक्षा जास्त ठेवू नका. लोक चाळीस भरतात आणि दुपारपर्यंत चाळीसही आडव्या होतात. मस्कतच्या बोटींवर कुप्यासाठी पाईपसारख्या उभ्या नळ्या असत. मासा डोकं खाली करून त्यात बसवायचा आणि खालून जोरात समुद्राचं पाणी सोडायचं, कारण कुपा पोहत असतानाच कल्ल्यांतून पाणी जातं. थांबला की गुदमरतो. आपली चिलापी थांबूनही श्वास घेते, एवढी सोय आपल्याला आहे.

आता ज्या कामासाठी मी हे लिहायला बसलो ते सांगतो. गळ माशाच्या मांसात टोचायचाच नाही.

टॉवेलाच्या कारखान्यातलं साधं सूत घ्या. दोन पदरी वळून त्याचं करंगळीएवढं गोल कडं बांधा. अशी पंधरा-वीस कडी घरूनच करून न्या. गोधडीच्या सुईच्या टोकाजवळ कानसने छोटी खाच पाडा, म्हणजे कडं अडकवून ओढता येतं. डाव्या हातात ओला टॉवेल, त्यात चिलापी, डोळे झाकलेले. डोळे झाकले की ती शांत होते. कोरड्या कापडाने धरू नका, अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि तोच तिचं रक्षण करतो. सुई एका नाकपुडीतून आत घालून दुसरीतून बाहेर काढा, खाचेत कडं अडकवून मागे ओढा. आता कड्याची दोन टोकं नाकाच्या दोन्ही बाजूंना आली. दोन्हींतून गळ घाला आणि गळ चार-पाच वेळा फिरवा, म्हणजे सूत पिळून नाकाशी घट्ट बसतं. मग गळाचं टोक पीळ आणि नाक ह्यांच्यामधल्या फटीतून खालून वर काढा. सोडून बघा. गळ कपाळावर टिळ्यासारखा उभा राहतो, त्याचा सगळा वाक मोकळा, आणि मासा नाकाने ओढला जातो म्हणून सरळ पोहतो. हे सगळं दहा सेकंदांत व्हायला पाहिजे. घरी बाजारातल्या मेलेल्या चिलापीवर पन्नास वेळा करा. मी आमच्या मागाशेजारी बसून रात्री केलं आहे. मार्लिनसाठी हेच कडं जाड मेणलेल्या धाग्याचं असतं आणि कुप्याच्या डोळ्याच्या खोबणीच्या पुढच्या कडेतून, बुबुळाला धक्का न लावता घालतात. पीळ आणि फट तीच.

काहीजण चिलापीची शेपटी अर्धी कापतात, म्हणजे ती तडफडते आणि शिकारी येतो. मला ते आवडत नाही, आणि उपयोगही नाही. कापलेली दहा मिनिटं तडफडते आणि मग पडून राहते. नाकाला कडं घातलेली दीड-दोन तास पोहते. पाठीच्या काट्यांची फक्त टोकं मी नखकात्रीने बोथट करतो, रक्त न काढता.

गळ सर्कल हूक घ्या, ज्याचं टोक आत वळलेलं असतं. उजनीला पाच ते सात नंबरचा (५/० ते ७/०) पुरतो. पुढे दोन हात साठ पौंडी जाड तंगूस (नायलॉनची एकपदरी दोरी), कारण शिवड्याचे दात बारीक असले तरी कानसासारखे घासतात. मग फिरकी (दोरीला पीळ बसू न देणारी फिरती कडी), आणि फिरकीच्या मागे चाळीस पौंडी मुख्य दोरी. गाठ आवळण्याआधी ओली करा, कोरडी गाठ घासून तापते आणि तिथेच दोरी कमजोर होते.

वजनाला शिसं नको, दगड घ्या. कमरेला खोबण असलेला, पाव किलोच्या आतबाहेर. हा दगड फिरकीला सुताने बांधायचा आणि ते सूत जाणूनबुजून कच्चं ठेवायचं. मासा पळाला किंवा दगड बाभळीच्या खोडात अडकला की सूत तुटावं, दगड खाली राहावा आणि दोरी मोकळी व्हावी. मस्कतच्या चिमट्याचं काम इथे सोलापूरचं सूत करतं. पहिल्या वर्षी मी दगड तंगुसाने बांधला होता. एक मोठा मासा लागला, दगड दोन खोडांच्या मध्ये रुतला आणि मासा गळासकट गेला. तो गळ तोंडात घेऊन किती दिवस फिरला असेल, हे अजून मनात आहे. किती पदर घ्यायचे ते स्वतः तपासा, पण सूत भिजवून तपासा. मागावर काम केलेल्याला ठाऊक असतं की सुती धागा ओला झाला की कोरड्यापेक्षा जास्त ताण धरतो. कोरड्यावर अंदाज घ्याल तर पाण्यात ते तुटायला हवं तेव्हा तुटणार नाही. आमच्याकडच्या सुताचे दोन पदर ह्या दगडाला बरोबर बसतात. तुमचं सूत बारीक असेल तर तीन लागतील. दगडाच्या सुताची लांबी अर्धा परस ठेवा, म्हणजे दगड तळाला टेकला तरी चिलापी तळाच्या वर राहते. तिचा स्वभाव खाली जाऊन कपारीत शिरायचा आहे. जास्त मोकळीक दिली तर ती लपून बसते.

सोडताना घाई करू नका. रिळावर अंगठा ठेवून एक परस सोडा, थांबा, दहा आकडे मोजा, पुन्हा एक परस. चिलापीच्या पोटातली हवेची पिशवी खोल गेली की दाबली जाते आणि तिला तरंगत राहायला जास्त पोहावं लागतं. दगडाबरोबर धाडकन खाली गेलेला मासा पोचेपर्यंतच अर्धा दमलेला असतो. होडी वाऱ्याच्या वरच्या अंगाला नांगरा, म्हणजे दोरी दरडीच्या बाजूला आपोआप जाते.

मग टोक बघत बसा. खरोखर बघत बसा. संध्याकाळी दिवेलागणीपासून पुढचे दोन-तीन तास उत्तम. आमिष एका संथ लयीत थरथरत असतं. शिकारी जवळ आला की थरथर एकदम वाढते, घाबरलेल्या पाखरासारखी, कधी दोन-तीन मिनिटं. ह्या वेळी रॉडला हात लावून हलवलं तर सगळं गेलं. मग एक ठोका येतो, आणि नंतर एकतर दोरी जड होत सरकू लागते किंवा अचानक सैल पडते. सैल पडली म्हणजे मासा सुटला असं नाही. तो आमिष घेऊन वर येतोय. झटका देऊ नका. सर्कल हूकला झटका दिला की तो तोंडातून नुसता बाहेर येतो. रिळ सावकाश फिरवून ढील घ्या, दोरी ताठ होऊ द्या, मासा वळला की गळ जबड्याच्या कोपऱ्यात आपसूक बसतो. मार्लिनलाही असंच. तो आधी चोचीने मारतो, मग वळून आमिष डोक्याकडून गिळतो. तोवर दोरी मोकळी सोडून मोजत थांबायचं, आणि मग ताण हळूहळू वाढवायचा, दोरीच्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. मस्कतला पहिल्यांदा आलेले लोक इथेच चुकायचे, हात त्यांच्या आधी हलायचे.

वीस मिनिटं टोक शांत दिसलं तर वर घेऊन आमिष बदला. एवढा आळस कधी करू नका.

होडीत जाण्याआधी दोन गोष्टी. मासेमारीच्या परवानगीची चौकशी काठावरच्या मच्छीमार संस्थेत करा आणि धरणाच्या भिंतीजवळच्या बंदी असलेल्या पट्ट्यात जाऊ नका. आणि लाईफ जॅकेट अंगात घाला, बुडाखाली नको. मे २०२४ मध्ये कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. ते काही अनोळखी पाणी नव्हतं, रोजची वाट होती. वळिवाच्या दिवसांत दुपारनंतर आभाळ काळं धरू लागलं, वारा एकदम पडला आणि पाखरं काठाकडे वळली की आमचे काका गळात मासा असला तरी नांगर उचलतात. मी त्यांच्याशी कधीच वाद घातला नाही. उन्हाळ्यात मी आता काठावरूनच करतो, भरावाच्या टोकावर बसून.

मासा होडीजवळ आला की उचलायची घाई नको. शिवड्याच्या तोंडात बोटं घालू नका. शिंगाळ्याच्या पाठीच्या आणि बाजूच्या काट्यांना जपा, तो काटा लागला की हात दोन दिवस ठणकतो. मऊ जाळीच्या झोळीत घ्या, पाण्यातच ठेवा, चिमट्याने गळ काढा. सर्कल हूक बहुतेक वेळा कोपऱ्यातच असतो, एका वळशात निघतो. शिवडा आता जगातल्या धोक्यातल्या माशांच्या यादीत आहे, आणि पावसाच्या सुरुवातीला तो अंडी घालायला निघतो. आषाढात पोट फुगलेली मादी गळाला लागली तर मी सोडतो आणि तुम्हीही सोडा अशी माझी हात जोडून विनंती आहे. तिला आडवी धरा, शेपटीच्या देठाला एक हात, पोटाखाली दुसरा, तोंड वाऱ्याने येणाऱ्या पाण्याकडे, आणि ती स्वतः हाताला हिसका देईपर्यंत थांबा. मार्लिन सोडताना बोट सावकाश पुढे चालवत त्याच्या कल्ल्यांतून पाणी जाऊ देतात. आपल्याकडे ते काम दोन हातांनी करायचं.

उरलेल्या चिलाप्या त्याच काठाला ड्रम कलता करून सोडा. तुटलेल्या तंगुसाचे तुकडे वेचून खिशात घ्या, भिगवणच्या बाजूला रोहित (फ्लेमिंगो) आणि बगळे त्यात पाय अडकवून घेतात. सुताचे तुकडे राहिले तर ते कुजून जातात. टॉवेल पिळून रॉडला बांधा आणि घरी आल्यावर पहिल्यांदा सुई धुऊन तेल लावून ठेवा, खाचेत गंज धरला की पुढच्या वेळी ती नाकपुडी फाडते.